बाबांचं अर्धं पान

३ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

बाबांच्या माघारी त्यांच्या रसायनाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती करते आहे. शर्करांच्या प्रकरणात अडले. तू काढलेल्या सगळ्या षट्कोनी वलयांत आपल्या जवळची कड जाड रेघेची, पहिला कार्बन उजवीकडे. एका आकृतीत मात्र तो डावीकडे, आरशात पाहिल्यासारखा. तिच्याखाली बाबांनी अर्धं पान लिहिलंय: ही ग्लुकोजची आरशातली जुळी बहीण, गोड लागते, पण शरीर तिला ओळखत नाही. हे मध्येच कशाला? खऱ्या ग्लुकोजची आकृती त्यांनी स्वतः काढलीय, बटाट्यासारखी. तू हाताशी असताना ही हौस का? प्रकाशक म्हणतात, आकृत्या संगणकावर करा, अर्धं पान गाळा. पंचवीस तारखेला छपाई आहे. तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी भाची

९ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

या आकृत्या काढल्या त्या महिन्यात तुझे आतोबा दवाखान्यात होते. त्यांच्या खाटेशेजारी बसून, मांडीवर पाटी घेऊन मी आकृत्या गिरवायची. ट्रेसिंगचा कागद पालथा पडला असणार. आकृती न्यायला तुझा बाबा आला, कागद खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. मग छान आली आहे म्हणाला, गुंडाळी केली आणि माझ्यासाठी चहा आणायला गेला. आकृतीत अणूंचा एक गट वरचा खाली झाला तरी मुलांचे गुण कापणारा माणूस तो.

आतोबा गेल्यावर ते पुस्तक मी उघडलंच नाही. आज उघडलं. माझी चूक झाकायला त्याने ती जुळी बहीण लिहिली, आणि मला पुन्हा बसवायला नको म्हणून बटाटाही काढला.

अर्धं पान खुशाल गाळ. पुस्तक मुलांचं आहे. ग्लुकोज नव्याने काढून पाठवते आहे. हाताची सवय गेली, जाड रेघ जरा जास्तच जाड झाली. खिडकीत धरून बघ. चुकलं असेल तर सरळ सांग, माझ्यासाठी अर्धं पान लिहू नकोस.

तब्येतीला जप, उत्तराला उशीर नको.
आत्या

१४ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न.

खिडकीत धरून पाहिली. बाजू बरोबर आहे, पण तिसऱ्या कार्बनचा गट खाली गेलाय, वर हवा. ही भलतीच साखर झाली. पुन्हा काढ. प्रकाशकांना छपाई दहा दिवस पुढे ढकलायला लावलीय, आणि आकृत्या आत्याच्याच राहतील असं सांगून टाकलंय.

अर्धं पान गाळलं नाही. आरशातल्या रेणूंचं प्रकरण मागे आहे, तिथे तुझ्या पालथ्या आकृतीसकट हलवलं. तिथे दोन्ही बरोबर आहेत.

छान आली आहे, हे पुढच्या पत्रासाठी राखून ठेवते.

लोभ असावा, जाड रेघेइतका.
चिमणी