एक बाइट कमी

बाबा, तुम्हाला कुठलीही गोष्ट मुद्द्यांत सांगितलेली आवडायची, म्हणून मुद्द्यांत लिहिते.

१. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही स्वतः लिहिलेला सी भाषेतला एक प्रोग्राम घरी आणलात. चिनहटच्या तुमच्या कारखान्यात चाचणीसाठी थांबलेल्या यंत्रांची यादी तो ठेवायचा.
२. यादीतून यंत्र काढलं तरी त्याने अडवलेली मेमरी सुटत नव्हती. तुम्हाला विचारून मी ती सोडणारी एक ओळ घातली, फ्रीची.
३. घरी प्रोग्राम चालला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात साहेबांसमोर बंद पडला.
४. तुम्ही माझी ओळ काढलीत. तो पुन्हा चालू लागला. चूक माझी ठरली.
५. चूक तुमची होती. ती तुम्हाला अकराव्या दिवशी कळली. मला गेल्या शनिवारी, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

लिंक्ड लिस्ट तुम्हीच शिकवलीत, तेलीबागच्या घरी, स्वयंपाकघरात. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पुढचा डबा कुठे आहे ते. मिठाच्या डब्यात ‘फ्रिजवर’, फ्रिजवरच्या हळदीत ‘खिडकीत’. आई ऑफिसातून येते आणि विचारते, “पोहे कुठे ठेवलेत?” तुम्ही गंभीरपणे सांगता, “हळदीला विचार.” “आणि हळद?” “मिठाला विचार.” “अच्छा, आणि भूक लागलीय ते कुणाला सांगू, सिलेंडरला?” मी हसून ओट्यावरून पडायच्या बेतात असते. तुम्ही मात्र बोट वर करून म्हणता, “डबा रिकामा करायच्या आधी चिठ्ठी वाचायची, बेटा. नाहीतर पुढची सगळी यादी गेली.” मी ते कधी विसरले नाही. त्या ओळीच्या वेळीही नाही. आधी पुढचा पत्ता बाजूला ठेवला, मगच नोड, म्हणजे यादीतला तो डबा, सोडला.

त्या संध्याकाळी तुम्ही आलात ते चपलाही न काढता. “काय केलंस?” मी म्हटलं, “बाबा, मैंने सिर्फ़ फ्री लगाया था.” “मराठीत सांग. चूक करताना विचारलं नाहीस, निदान कबूल तरी आपल्या भाषेत कर.” विचारलं होतं, बाबा. तुम्ही पेपर वाचत ‘हाँ हाँ, घाल’ म्हणाला होतात. पुढे तो किस्सा झाला. नागपूरहून काका आले की तुम्ही वाढता वाढता सांगायचात, “आमच्या इंजिनिअरने एका ओळीत कारखाना बंद पाडला.” सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण न हसणं म्हणजे मनाला लावून घेणं, आणि ते तुम्हाला आवडत नसे. तुम्ही गेलात. त्यानंतर नोकरी लागली तेव्हा मी कोड लिहिण्याचं काम नाकारून टेस्टिंगचं मागून घेतलं. तीन वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, त्यानंतरच कोड लिहायला धजावले. मेमरीला हात लावायचा नाही, हे मला वाढलेल्या ताटासमोर पटवलं गेलं होतं.

शनिवारी तुमची जुनी हार्ड डिस्क लावली. त्या प्रोग्रामच्या दोन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत यंत्राच्या नावाला तुम्ही जितकी अक्षरं तितकेच बाइट मागता. नावाच्या शेवटी सी भाषेत एक शून्य बसतं. त्याला तुम्ही जागाच दिली नव्हती. ठरावीक लांबीचं नाव आलं की ते शून्य शेजारी जाऊन पडे, आणि तिथे मेमरीच्या पुढच्या तुकड्याच्या आकाराची नोंद असते. तुम्ही काहीच सोडत नव्हतात, म्हणून ती बिघडलेली नोंद कधी तपासलीच जात नव्हती. माझ्या फ्रीने ती पहिल्यांदा तपासली. घरी मी छोटी नावं टाकून पाहिली होती. कारखान्यातली नावं लांब होती. माझ्या ओळीने बिघाड केला नाही, बाबा. तुमचा बिघाड तिने दाखवला.

दुसरी प्रत अकरा दिवसांनंतरची. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या ओळीत अधिक एक. शेजारी तुमची टीप: ‘एक बाइट कमी होता. चूक माझी.’ आणि खाली माझी ओळ, जशीच्या तशी परत ठेवलेली, व्हेरिएबलच्या नावात मी केलेल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. म्हणजे तुम्ही कबूल केलंत. कारखान्यातल्या एका फाइलीत, मराठीत, जी माझ्याशिवाय कुणी वाचली नसती. पुढची दोन वर्षं आपण रोज एका टेबलावर जेवलो. किस्सा तुम्ही तसाच सांगत राहिलात. मी आठवून पाहिलं: अकराव्या दिवसानंतर निदान चार वेळा.

मला तुमचा राग येतो आहे, आणि तो एक बाइट कमी मागितल्याचा नाही. तशी चूक कुणाचीही होते.

आता सहावा मुद्दा, जो वर लिहिला नाही. डिस्क मला योगायोगाने सापडली नाही. मी ती शोधली. आईच्या ट्रंकेतल्या सगळ्या साड्या उपसून शोधली. कारण त्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मला माझी चूक सापडली होती. आमच्या टीममध्ये यंदाच लागलेली एक मुलगी आहे. तिच्या कोडमध्ये प्रोग्राम कोसळत होता, आणि तू एकच नोड दोनदा सोडतेस, असं मी तिला बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ती तसं करत नव्हती. ती ज्या यादीतले नोड सोडत होती, त्या यादीसाठी मी लिहिलेल्या ओळीत नोडच्या आकाराऐवजी पॉइंटरचा, म्हणजे अख्ख्या डब्याऐवजी नुसत्या चिठ्ठीचा, आकार मागितला होता, आठच बाइट. मी ते गुपचूप सुधारलं आणि टीप लिहिली, ‘किरकोळ दुरुस्ती’. तुम्ही निदान ‘चूक माझी’ तरी लिहिलं होतंत. ती मुलगी या आठवड्यात तीनदा येऊन म्हणाली, “सॉरी मॅम, अब से फ्री करने से पहले आपसे पूछ लूँगी.” तिन्ही वेळा मी मान हलवली.

अकराव्या दिवशी फाइल बंद करून तुम्ही घरी आलात, मी दार उघडलं असेल, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. का, ते मला रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा. सोमवारी अकरा वाजता बैठक आहे, ती मुलगी माझ्या समोरच्या खुर्चीत बसते, आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही.