अमेरिकेच्या पोथीची राहिलेली पानं

बाबा, आज गुडघ्यांनी अगदी जीव नकोसा केलाय, कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. पाठवणार कुठे, ते विचारू नका.

साठचं दशक संपत आलेलं. आठवडाभर तुम्ही मिठागराच्या कचेरीत मान मोडून काम करायचं आणि सुट्टीच्या दुपारी खारजमिनीतल्या देवळाच्या ओट्यावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा इतिहास वाचून घसा फोडायचा, ही कसली हौस, असं आई म्हणायची. ऐकायला यायची ती मिठागरातली माणसं. त्यांना पोथी ऐकायचीच सवय, म्हणून पुस्तक पाटावर ठेवायचं, वर जास्वंद वाहायचं आणि अध्याय संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पुस्तकातल्या अमेरिकनांनी इंग्रजांच्या चहाची खोकी समुद्रात फेकली तेव्हा पुढे बसणारी म्हातारी हळहळली होती, "फेकला कशाला? आमाला दिला असता!" तुम्ही किती हसलात.

मग तुमचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचंच नाही असं बजावलं. पुस्तक माझ्या हातात देऊन तुम्ही कसंबसं म्हणालात, "शेवटपर्यंत तू वाच. एक ओळही सोडू नकोस." सतरा वर्षांची होते, दोन रविवारांतच कंटाळले. तिसऱ्या रविवारी गठ्ठाभर पानं एकदम उलटली आणि थेट शेवट वाचला. अमेरिकन जिंकले! समाप्तीचा नारळ फुटला. म्हातारी खोबरं चघळत म्हणाली, "इतक्यात जिकलं? आपल्याला तं किती वर्सं लागली."

हेच ती तुमच्याकडेही बोलली. तुम्ही ओरडाल म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते, तर तुम्ही फक्त पुस्तक मागितलंत. पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगितलंत, "खूण माझ्याकडूनच चुकीच्या पानात राहिली. पोरीचा दोष नाही. पोथी अपुरी ठेवायची नसते." आणि त्या सुजलेल्या घशानं राहिलेली सगळी पानं वाचलीत. त्यानंतर तुमचा आवाज कधी नीट परत आला नाही. त्या मेल्या पुस्तकानं गिळला, असं आई म्हणायची आणि मी खुशाल म्हणू द्यायचे. मला तुमचा रागच यायचा. एक थोबाडीत दिली असतीत तर सुटले असते मी.

म्हातारी पुढे कितीतरी वर्षं रस्त्यात थांबवून त्या राहिलेल्या पानांतलं सांगायची, "पायाला चिंध्या बांधून चालली गो ती मानसं, बर्फातून. आमचं पाय मिठानं फुटतात ना, तसंच." मी हो हो करायचे. आता थकले बाबा, फार वर्षं हो हो केलं.

त्या रविवारी संध्याकाळी, ती पानं वाचून आल्यावर, तुम्ही खुणेनंच विचारलं होतंत, ऐकलंस ना? मागे खांबाशी बसले होते, असं मी सांगितलं. मी नव्हते. मैत्रिणीकडे नवघरला गेले होते, तुम्ही माझा दोष अंगावर घेतलात हेसुद्धा मला म्हातारीकडूनच कळलं. तुमचं ते शेवटचं वाचन मी ऐकलेलंच नाही.