गांधारीने एकदाच काढलेली पट्टी

अल्लीपूर, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळ

दुपारी देवळात बायांना गांधारीची कथा वाचून दाखवली. आंधळ्या नवऱ्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधली, केवढा त्याग, असं मी दरवर्षी सांगते. आज जीभ अडली.

सकाळी कासारीण आली होती. माझ्या सुनेने, वैशालीने, बांगड्या भरायला उजवा हात पुढे केला. डावा पदराखालून काढेचना.

"एकाच हातात कशा भरू, बाई?"

"राहू द्या मावशी, दुखून राह्यला," म्हणत तिने माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्यांचे रंग बघत बसले. काऊन केलं मी असं? परवा श्यामच्या नि तिच्या खोलीतून तिच्या ओरडण्याचा आवाज आला, तेव्हाही मी मिक्सर सुरू केला होता. स्वतःच्याच लेकाची भीती वाटते मला?

गांधारीने पट्टी एकदाच काढली, तीही लेकाचं अंग वज्राचं व्हावं म्हणून. सुनांकडे तिने कधी पाहिलंच नाही. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

वैशाली एका हाताने कणीक मळते आहे. तो पदर बाजूला करून बघायचं आहे. काय दिसेल ते मला सकाळपासून ठाऊक आहे.

फाटकाशी श्यामची गाडी थांबली. आज दार मी उघडते, वैशाली नाही.