कोरडी भिंत

१९ जून
भिंत बघायला आज खालच्या गल्लीतल्या बायकाही येऊन गेल्या. डोंगर धरून ठेवणारी ही आमच्या दारासमोरची भिंत म्हणजे आजवर नुसतं शेवाळ आणि पिचकाऱ्या. आता मोर, कमळं, वर मोठ्या अक्षरांत ‘आमची गल्ली, सुंदर गल्ली’. संतोष आणि मंडळाच्या पोरांनी भेगा, भोकं, सगळं सिमेंटने लिंपून मग रंग मारला. मोराची पिसं आमच्या सानूची. नवऱ्यापासून पोरीपर्यंत घरात सगळे चित्रकार झालेत, जेवण करायला तेवढी मी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, लेकाच्या कामावर जाम खूश. सानू रंगाच्या चपलांनी घरात शिरली तरी आज ओरडली नाही. एरवी चप्पल उंबऱ्याच्या आत आली की आत्या घर डोक्यावर घेते.

२६ जून
पाऊस लागून राहिलाय. भांडी घेऊन बाहेर बसले तर नळीला पाणी नाही. दर पावसाळ्यात भिंतीतल्या नळ्यांतून डोंगराचं पाणी वाहतं. प्रत्येक घराची नळी ठरलेली, भांडी-धुणी त्यावरच. बादली कुणी आधी लावली यावरून माझा आणि शेजारच्या नलूकाकूंचा एकदा पंधरा दिवस अबोला होता! यंदा सगळ्या नळ्या सिमेंटखाली गेल्या.
काकू दारातून म्हणाल्या, “बरा झाला गो. चिखल नाय, वास नाय. गल्ली कशी कोरडी रवली.”
मीही हो म्हटलं.

२७ जून
डोक्यातून जात नाहीये. डोंगरावर एवढं पाणी पडतंय, ते जातंय कुठे?

२९ जून
संतोषला विचारलं. “अगं, केवढी जाड भिंत आहे ती. तू ना, मोबाइल बघणं बंद कर.” डबा उचलून कामावर गेला.
त्याचं काय, तो दिवसभर गोडाऊनमध्ये. दुपारी गल्लीत असतो कोण? आम्ही बायका, म्हाताऱ्या, शाळेतून आलेली पोरं. पूर्वी पाऊस दिवसभर रिपरिपायचा, आता महिन्याचा एका दुपारीच कोसळतो. दुपारीच.
शिलाई मशीन दारात आहे, नजर सारखी भिंतीवर. आज एकाच ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली. आमचं दार एकच, आणि तेही भिंतीकडेच उघडतं. हे इतकी वर्षं कधी मनात आलं नव्हतं. आता दुसरं काही येतच नाही. भीती वाटते. कुणाला सांगू?

२ जुलै
कमळाला पोट आलंय. आधी वाटलं आपलेच डोळे. मग धाग्याचं रीळ घेऊन गेले, एक टोक सानूने धरलं, दोरा ताणला. दोरा मध्येच भिंतीला टेकला, दोन्ही बाजूंना सुटा. भिंत खरंच फुगलीये.
दुपारी बचत गटाची बैठक माझ्याच घरात होती. हप्ते राहिले बाजूला, सगळ्यांना बाहेर नेऊन दोरा दाखवला. काकूच आधी, “तुझा काय गो, तुका सगळीकडे भूतच दिसता.” पण म्हणताना हात भिंतीवर ठेवला आणि लगेच काढला. घरात गेल्या, मुलाचं ड्रिल घेऊन आल्या. “कर काय ता. माका पण भय वाटता.”
समोर उभं राहायचं नाही, बाजूने धरायचं, एवढंच ठरलं. काकूंची नळी फोडली तर पिवळं पाणी असं सुटलं की समोरची बादली उलटी झाली. सगळ्या किंचाळलो. मग हसलो, वेड्यासारख्या. एकेक करत सगळ्यांच्या फोडल्या.
आमची मोराच्या पिसाऱ्यात होती. सानूने बोट ठेवून दाखवली, “इथे, मम्मी,” आणि मान वळवली. ड्रिल पार आत गेलं. पाणी आलंच नाही. बोट घातलं तर आत गच्च ओली माती.

३ जुलै
काल संध्याकाळी संतोष मोरासमोर बराच वेळ उभा होता. वाटलं भांडेल. “मला काय माहीत होतं गं,” एवढंच म्हणाला. त्याच मोरापुढे सेल्फी काढणाऱ्यांत मीच तर पहिली होते.

४ जुलै
फोन करकरून वॉर्डातली इंजिनिअर आली. तरुण पोरगी, रेनकोटमध्ये. भिंत ठोकून पाहिली, वर पाहिलं, मग हळूच म्हणाली, “नळ्या उघडल्यात ते फार बरं केलंत. पण ही मधली बंद आहे तोवर पाणी मागे तुंबत राहणार, इथे राहू नका. आजच निघा.” इतके दिवस वाटायचं कुणीतरी खरं म्हणावं. म्हटलं तेव्हा रडूच आलं.
आत्या हलेना. “माझं घर सोडून मी कुठं जात नसते. भिंतीला काय धाड भरली?” सानू तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, मग मीपण नाही जात. तेव्हा उठली.

६ जुलै
सगळी गल्ली शाळेच्या हॉलमध्ये. बायकांनी पाळ्या लावल्यात. दोघी दोघींनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघायचं. पाणी गढूळ झालं किंवा अचानक थांबलं की थाळी वाजवून खालच्या गल्लीला सावध करायचं, मागे वळून न बघता सुटायचं. पुरुषांना सुरुवातीला हसू आलं. काल काकूंचा मुलगा स्वतःहून पाळीला आला.
वीज कडाडली की हॉलमध्ये सगळ्या एकमेकींकडे बघतो.

९ जुलै
ऊन पडलंय. उद्यापासून शाळा परत सुरू, हॉल रिकामा करा म्हणाले. नळी साफ करायला वॉर्डाची माणसं येणार, येणार... अजून नाहीत. भाड्याने दुसरीकडे जावं तर पावसाळ्यात खोली कोण देतो. आलो परत.
सगळ्या नळ्यांतून स्वच्छ पाणी. आमची तशीच बंद. संतोष तार घालून खुपसत बसला, शेवटी मीच ओढून आणला, भिंतीजवळ नको म्हणून.
संध्याकाळी परत भरून आलं. थाळी दाराच्या खिळ्याला अडकवली. आत्या आल्यापासून टोमणेच मारत होती, सुनेने घाबरवून गाव गोळा केला म्हणून. जेवली, अंथरूण घातलं. मग उठून बाहेर गेली, आपल्या चपला उचलून आत आणल्या, सानूच्याही आणल्या. पुसल्या नाहीत, काही नाही. दोन्ही जोड उशाशी ठेवले, दाराकडे तोंड करून.
“बघतेस काय,” म्हणाली. “तुझ्या पण आण.”