खोली क्रमांक सातच्या मदतनीस बाईंची बदली

प्रति,
मा. अधीक्षक,
स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचे निवासगृह,
तळमजला, चौकशी-खिडकीशेजारील दालन.

अर्जदार : खोली क्रमांक ७ मधील रहिवाशांची एकुलती एक मुलगी.

विषय : खोली क्रमांक ७ येथे नेमलेल्या मदतनीस बाईंची अन्य मजल्यावर तातडीने बदली होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे पत्र. (चाचणी-मुदतीचे पंधरा दिवस उद्या सायंकाळी पाच वाजता संपत असून, तत्पूर्वी कायम प्रवेशाच्या फॉर्मवर सही करावी अथवा रहिवाशांस घरी घेऊन जावे.)
२) अर्जदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले प्रकार.

महोदया,

विषय वाचूनच आपल्या कपाळाला आठी पडेल, याची अर्जदारास कल्पना आहे. तरी हा अर्ज मधेच बाजूला न ठेवता शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती. दुसरी विनंती विषयात नमूद आहेच.

१. अर्जदाराचे वडील एका सरकारी कचेरीत आवक टेबलावर चौतीस वर्षे होते. बाहेरून आलेला प्रत्येक अर्ज आधी या टेबलावर येतो, तपासला जातो, त्यावर शिक्का बसतो आणि मगच तो पुढे साहेबांकडे जातो. तारीख नसेल, सही नसेल, विषय आणि मजकूर जुळत नसेल, तर वडील अर्ज परत करीत. मात्र माणसाला समोर बसवून कुठे चुकले ते सांगत आणि नवा कागदही देत. घरीही हाच कारभार होता. आठव्या वर्षी अर्जदारास शाळेच्या सहलीला जायचे होते, तेव्हा तिला रीतसर अर्ज करावा लागला. तो तीनदा परत आला. तिन्ही वेळा वडिलांनी चष्म्यावरून बघत एवढेच म्हटले, "ठमे, चुकलं." ठमी हे अर्जदाराचे लाडाचे नाव. वडील ते अर्जदाराखेरीज कोणासाठी वापरीत नसत; निदान या महिन्यापर्यंत तरी नसत.

२. गेली सहा वर्षे वडिलांची आठवण थोडी थोडी करून गेली. या सहा वर्षांत त्यांचे सारे अर्जदाराने एकटीने केले. आंघोळीचे नाव काढले की ते दाराची कडी धरून बसत. कपडे बदलताना हात झटकत. दोनदा ते घरातून निघून जुन्या कचेरीच्या जागी गेले. तिथे आता चष्म्याचे दुकान आहे. दुसऱ्या खेपेस ते थेट काउंटरमागे जाऊन बसले आणि तारीख नाही म्हणून दोन गिऱ्हाइकांच्या नंबरच्या चिठ्ठ्या त्यांनी परत केल्या. दुकानदार भला माणूस, त्याने चहा पाजून फोन केला. अर्जदाराच्या मात्र नाकी नऊ आले होते. खोटे बोलायचे नाही, ही शिकवण वडिलांचीच. त्यामुळे अर्जदार त्यांना रोज सकाळी खरे तेच सांगत आली, की बाबा, तुम्ही निवृत्त झालात, कचेरी पाडली, आता कुठे जायचे नाही. वडील रोज ते पहिल्यांदाच ऐकत आणि त्यांचा चेहरा पडे. एका माणसाला सहा वर्षे रोज सकाळी निवृत्त करण्याचे काम अर्जदाराने इमानेइतबारे केले.

३. शेवटी डॉक्टरांनी बजावले, की आता चोवीस तास माणूस लागेल आणि तुमची तब्येतही धड राहिलेली नाही. मग अर्जदाराने जागा शोधायला सुरुवात केली. बावीस प्रश्नांची यादी हातात घेऊन तिने पाच निवासगृहे पालथी घातली. पहिल्या ठिकाणी सगळ्यांना दिवसभर दूरदर्शन संचासमोर ओळीने बसवले होते. दुसऱ्या ठिकाणी भिंतीवरचे घड्याळ बंद होते आणि ते बंद असल्याचे तिथे कोणाच्या गावीही नव्हते. तिसऱ्या ठिकाणचे व्यवस्थापक वडिलांशी तान्ह्या बाळाशी बोलावे तसे बोलले. चौथ्या ठिकाणी जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होते. प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडताना अर्जदारास वाईट वाटण्याऐवजी बरे वाटले, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करण्यात येते. जगात वडिलांना अर्जदारासारखे कोणी सांभाळू शकत नाही, याचा तो लेखी पुरावाच होता. पाचवे आपले निवासगृह. बावीसच्या बावीस प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली. अर्जदाराने तेविसावा प्रश्न जागेवर तयार केला, न्हाणीघरातल्या फरशीचा. फरशीही न घसरणारी निघाली. सबब चाचणी-मुदतीसाठी वडिलांस येथे ठेवावे लागले.

४. तिसऱ्या दिवशी अर्जदार भेटीस आली तेव्हा वडील आंघोळ करून, केस विंचरून, दाराजवळच्या टेबलामागे बसले होते. टेबलावर शाईची गादी, तारखेचा शिक्का आणि एक टोक केलेली पेन्सिल होती. समोर सदर मदतनीस बाई हात बांधून उभ्या होत्या. त्यांनी वडिलांपुढे एक कागद ठेवला होता. "प्रति, आवक विभाग. विषय : आज आंघोळ करण्याबाबत." वडिलांनी तो वाचला, पेन्सिलीने एके ठिकाणी गोल केला आणि परत दिला. बाईंनी नव्याने लिहून दिला. मग शिक्का बसला. शिक्का बसलेले काम त्याच दिवशी झाले पाहिजे, हा वडिलांचा चौतीस वर्षांचा नियम. आंघोळ सकाळीच झाली होती, उकाड्यामुळे हा दुसरा अर्ज होता, तरी नियमाला धरून ते स्वतः उठले आणि टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा न्हाणीघरात गेले. कडी नाही, झटापट नाही. ज्यासाठी अर्जदाराने सहा वर्षे हातापाया पडावे, ते या बाईंनी एका चिठोऱ्यावर करून घेतले, तेही दिवसातून दोनदा.

५. त्यानंतरचे प्रकार असे. सदर बाईंच्या प्रत्येक अर्जात रोज एक तरी चूक असते. कधी तारीख नसते, कधी सही विसरतात. इतका निष्काळजीपणा करणाऱ्या व्यक्तीस आवक विभागासमोर उभे करू नये, असे अर्जदाराचे मत आहे. आणि चूक सापडली, की वडील चष्म्यावरून बघून त्यांना म्हणतात, "ठमे, चुकलं." हे अर्जदाराने आठव्या दिवशी दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकले. त्याच दिवशी अर्जदार आत गेली तेव्हा वडिलांनी तिला समोरच्या बाकाकडे बोट दाखवून सांगितले, "बाई, जरा बसा, रांगेत या." भांग ते जन्मभर डावीकडे पाडत आले, सदर बाई उजवीकडे पाडतात आणि त्यांना तो चालतो. अर्जदाराच्या हातचे दूध ते अर्धे टाकीत. येथे पेला रिकामा होतो. तो खरेच पिऊन रिकामा झाला की दूध खोलीतल्या कुंडीत ओतले, हे अर्जदाराने कुंडीतली माती बोटाने चाचपून पाहिले आहे. माती कोरडी होती.

६. वरील परिस्थितीत बदली शक्य नसल्यास निदान पुढील सुधारणा व्हाव्यात. सदर बाईंनी दिवसातून एकदा तरी वडिलांवर चिडावे. अर्जदार चिडत असे. माणूस कधीच चिडत नाही म्हटल्यावर तुलना होते. आठवड्यातून एकदा त्यांनी चहात साखर घालायला विसरावे. गुरुवारी, म्हणजे कायम प्रवेशानंतर अर्जदारास ठरवून दिलेल्या भेटीच्या दिवशी, त्यांनी गुणगुणू नये आणि शक्यतो दुसऱ्या मजल्यावर असावे. वडील हसले, तर ते कशावरून हसले याची लेखी नोंद ठेवून ती अर्जदारास दाखवावी. नोंद ठेवणे अवघड असल्यास वडिलांना कमी हसवावे.

७. हे सर्व वाचून अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही, असे आपणांस वाटेल. तसे नाही. अर्जदाराच्या पोटात दुखते आहे. तिला या सत्तावीस वर्षांच्या मदतनीस मुलीचा मत्सर वाटतो, आणि आयुष्यात प्रथमच इतका वाटतो. शेजारणीच्या घराचा, बहिणीसारख्या मैत्रिणीच्या संसाराचा, कशाचाही कधी वाटला नाही. अर्जदाराकडे होते ते एकच नाव, आणि ते आता दुसऱ्या कोणाला हाक मारताना वापरले जाते. बदली न झाल्यास अर्जदार उद्या पाचच्या आत वडिलांना घरी घेऊन जाईल. तिथे ते आंघोळ करणार नाहीत, दूध टाकतील आणि रोज सकाळी पुन्हा निवृत्त होतील, हे तिला ठाऊक आहे. तरी घेऊन जाईल.

कळावे. निर्णय आजच व्हावा.

पुरवणी

महोदया,

वरील मजकूर अर्जदाराने आज दुपारी खोली क्रमांक ७ बाहेरच्या बाकावर बसून लिहिला. सही करणार इतक्यात आतून वडिलांनी विचारले, की तो कोणाचा अर्ज आहे, आणि बाहेर बसून काय लिहिता, खिडकी बंद व्हायची वेळ झाली, इकडे आणा. आवक टेबलावरच्या चौतीस वर्षांच्या आवाजात त्यांनी हे म्हटले, तेव्हा अर्जदाराचे पाय आपोआप आत गेले. अर्ज त्यांच्या हातात पडला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला. प्रत्येक ओळीखालून पेन्सिल फिरत होती. चष्म्याच्या दुकानाच्या जागी ते किंचित हसले आणि कोण हे गृहस्थ, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने सांगितले, की माझे वडील. फार शिस्तीचे दिसतात, असे म्हणून ते पुढे वाचू लागले. कुंडीच्या मातीपाशी ते जरा थांबले. सातवा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला.

मग त्यांनी विषयाच्या ओळीभोवती गोल केला आणि अर्ज परत दिला.

"बाई, विषय चुकलाय. त्रास तुम्हाला होतोय आणि बदली त्या पोरीची मागताय. तुम्हाला काय हवंय ते लिहा."

अर्जदार विषय खोडू लागली तर त्यांनी हात आडवा धरला. खाडाखोड चालत नाही, पुरवणी जोडा, मी थांबतो, असे ते म्हणाले. कागद सदर मदतनीस बाईंनीच आणून दिला. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा अर्ज होता, संध्याकाळच्या फिरण्याबाबत, आणि त्या निमूटपणे अर्जदाराच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. अर्जदाराची नजर त्या कागदावर गेली. तारखेची जागा मोकळी होती. तारीख राहिली, असे अर्जदाराने सांगितले तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "मुद्दाम ठेवते हो. चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जातो." अर्जदारास सहा वर्षांत हे सुचले नाही. परिच्छेद ५ मधील निष्काळजीपणाचा आरोप सबब मागे घेण्यात येत आहे.

सुधारित विषय : अर्जदारास दर गुरुवारी खोली क्रमांक ७ येथील आवक टेबलासमोर रांगेत उभे राहून अर्ज देण्याची परवानगी मिळणेबाबत.

हा कागद वडिलांनी वाचला. अर्जदाराने त्यावर मुद्दाम सही केली नव्हती. त्यांनी ते ताबडतोब पकडले. अर्जदार "ठमे, चुकलं" ऐकण्याच्या आशेने उभी राहिली, पण ते एवढेच म्हणाले, की बाई, सही करा. तिने केली. शिक्का बसला. मंजुरी देणे आमच्या हातात नाही, उत्तर टपालाने येईल, असे सांगून त्यांनी पत्त्यासाठी वही पुढे ओढली.

अर्जदार पत्ता सांगणार तोच तिच्या सहीकडे बघत त्यांनी स्वतःच लिहायला सुरुवात केली. पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, डावीकडचे दार. अक्षर तेच, सहलीच्या अर्जावर शेवटी "जाऊ द्यावे" लिहिणारे. मग पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहिले.

"या पत्त्यावर आमची ठमी असते," ते म्हणाले. "दिवसभर कामात असते बिचारी. उत्तर तिच्या हाती दिलं तर चालेल ना?"

अर्जदाराने चालेल म्हणून सांगितले.

तरी महोदया, मूळ अर्जातील बदलीची विनंती व परिच्छेद ६ रद्द समजावेत. कायम प्रवेशाचा फॉर्म सही करून सोबत जोडला आहे. सुधारित विषयावरील आपले उत्तर मात्र अर्जदारास येथे हातोहात देऊ नये. ते वर लिहिलेल्या पत्त्यावर टपालानेच पाठवावे. ते ठमीच्या हाती पडेल, याची जबाबदारी अर्जदार घेत आहे.

आपली नम्र, आणि गुरुवारी पुन्हा रांगेत येणारी,

(सही)
अर्जदार

दिनांक : चाचणी-मुदतीचा चौदावा दिवस, गुरुवार. वेळ दुपारी ४.४०.

सोबत :
१) कायम प्रवेशाचा फॉर्म, सहीसह.
२) मूळ अर्ज. विषयाभोवती पेन्सिलीचा गोल आहे, तो खोडू नये.
३) पुढील गुरुवारी द्यावयाच्या अर्जाचा कच्चा मसुदा. विषय : वडिलांना बागेत एक फेरी मारायला नेणेबाबत. (तारीख लिहिलेली नाही. ती कार्यालयाने भरू नये.)