पंधरा दिवसांचा बंदोबस्त

२२ जून २०२५, रविवार

ठरलं. गुडघा बदलायचा! आठ जुलैला ऑपरेशन, राजारामपुरीतल्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "क्लच दाबून दाबून डावा गुडघा पार संपवलाय तुम्ही." तेहतीस वर्षं एसटी चालवली. चंदगड-पुणे, चंदगड-बेळगाव, चंदगड-सावंतवाडी. गुडघ्याचा काय दोष!

म्हणजे पंधरा दिवस मी कोल्हापुरात. मुलगा रफिक गोव्यात हॉटेलात कामाला. त्याला मिळेल तेवढी रजा माझ्या उशाशी जाणार. घरात राहणार कोण? माझी बायको बिबीजान, सूनबाई आफशीन आणि चार वर्षांची नात.

आणि आमचं घर गावात नाही. काजूच्या बागेत, गावापासून पाऊण किलोमीटर. जवळचं घर केरबाचं — तेही ओढ्यापलीकडे. गेल्या महिन्यात खालच्या वस्तीवर भरदिवसा दोन घरं फोडली. कोयंडे उचकटून आत!

बंदोबस्त करायला हवा. हातात सोळा दिवस.

२३ जून

बिबीजानला सांगितलं. म्हणाली, "मला कोण उचलून न्हेतंय?"

२५ जून, बुधवार

केरबा कुत्रं घेऊन आला. काळं, दांडगं, गळ्यात साखळी. "मुनव्वरभाई, परक्या माणसाला फाडून खाईल बघा." अंगणातच बांधायचं, घरात घ्यायचं नाही, एवढ्या अटीवर ठेवून घेतलं.

बिबीजाननं त्याला भाकरी-रस्सा घातला. ते चारी पाय वर करून झोपलं. दुपारी पोस्टमन आला. त्याचे हात चाटले, त्याच्यासोबत बांधापर्यंत गेलं, आणि त्याला पोचवून शेपूट हलवत परत आलं.

असला राखणदार मी आयुष्यात बघितला नाही.

२६ जून

कुत्रं केरबाकडं परत गेलं. भरल्या ओढ्यातनं. पोहत!

२८ जून, शनिवार

चंदगडला ऋतुराजच्या दुकानात गेलो. कॅमेरे, भोंगे, कुलपं, सगळं ठेवतो. हुशार माणूस; बोलता बोलता माल गळ्यात घालतो. त्यानं भोंगा दाखवला. दारासमोर कोणी हललं की आपोआप बोंबलतो. "काका, मांजर आलं तरी वाजणार."

तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

मागच्या दाराला लावून बघितला. पहिल्यांदा वाजला तेव्हा केरबा कोयता घेऊन धावत आला, गुडघाभर चिखलात. कोंबडी होती. दुसऱ्यांदा चालत आला. तिसऱ्यांदा ओढ्यापलीकडनंच ओरडला, "परत कोंबडीच काय?" चौथ्यांदा आलाच नाही. चौथ्यांदा बिबीजान होती, धुणं घेऊन निघालेली. हातातली बादली तिनं तिथंच सोडली.

"आता चोर आला तर केरबा म्हणणार, कोंबडीच आली," ती म्हणाली.

भोंगा काढला.

३० जून, सोमवार

आज भांडण झालं. खरंखुरं.

पुढच्या दाराला लोखंडी जाळीचं दार बसवावं, बायकांनी आतनं कुलूप लावून राहावं, असं मी म्हटलं. बिबीजान भाकरी थापत होती. हात थांबला.

"जाळीच्या आत बसून मी पावण्यांशी बोलू? तुरुंगात हाय काय मी?"

आमच्या घराचं दार दिवसा लागतच नाही. मीटर बघायला येणारा, काजूचा व्यापारी, गोव्याला जाताना वाट चुकलेले गाडीवाले — सगळ्यांना बिबीजान च्या पाजते. नाव-गाव विचारते, पोरंबाळं विचारते, मग सोडते. कडी गंजून आता सरकतसुद्धा नाही.

म्हटलं, "दोन घरं फोडलीत! काय भ्या-बी हाय का न्हाय?"

"तुमच्या भीतीपायी मी दार लावायचं व्हय?"

"माझी भीती न्हाय. तुमची काळजी हाय."

"तीच की!"

आफशीन चुलीकडं तोंड करून हसत होती. मला दिसलं.

जाळी रद्द.

२ जुलै, बुधवार

कॅमेरा! शेवटी कॅमेराच.

ऋतुराज आला. आधी म्हणाला, सोलरवर चालणारा देतो. मी आभाळाकडं बोट केलं. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. म्हणाला, "बरं, इन्व्हर्टरवर जोडू." मग रेंज. मोबाइल डोक्यावर धरून गडी अख्खं अंगण फिरला, काजूखाली गेला, गोठ्यात गेला. शेवटी पडवीच्या खांबावर दोन काड्या मिळाल्या. तिथंच बसवला. अंगण दिसतं, पडवी दिसते, पुढचं दार दिसतं, घराच्या कडेनं मागं जाणारी वाटही अर्धी दिसते. सगळं माझ्या फोनवर, रफिकच्याही.

आणि खरी गंमत म्हणजे बोलताही येतं! "काका, फोनवरचं हे बटण दाबून तुम्ही राजारामपुरीतनं बोलला, की हितं अंगणात ऐकू येतंय." लगेच काजूच्या बागेत गेलो, बटण दाबलं, म्हटलं, "बिबीजान, च्या टाक!"

फोनवर दिसली — आभाळाकडं बघत होती! आफशीन हसून हसून जोत्यावर बसली.

५ जुलै

कॅमेऱ्यात सगळं गुलाबी दिसतंय. बिबीजाननं त्याच्यावर टॉवेल वाळत घातलाय.

७ जुलै, सोमवार

दवाखान्यात दाखल. एसटीनं आलो, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. पोरगं नवीन होतं. ब्रेक फार उशिरा मारतं. मी काही बोललो नाही. रफिक म्हणाला, "अब्बा, तुमचा पाय मात्र प्रत्येक वळणावर दाबत हुता."

१० जुलै, गुरुवार

ऑपरेशन झालं. दुखतंय. चालवतातसुद्धा, वॉकर धरून! सिस्टर म्हणतात, "काका, लाजू नका, वरडा."

वेळ घालवायला फोन. कॅमेरा लावून बसतो. आमच्या अंगणात एवढी माणसं येतात हे मला माहीतच नव्हतं. मी असायचो तेव्हाही येत असतील. पण मी पेपरात तोंड घालून बसलेला. केरबाची बायको दिवसातनं तीनदा येते. आज कुणीतरी भलीमोठी फणसाची फोड ठेवून गेलं. नात कॅमेऱ्यासमोर येऊन जीभ दाखवते. तिला सांगितलंय, आजोबा आत बसलेत.

१२ जुलै, शनिवार

आजचं आजच लिहितो.

दुपारी रफिक जेवायला खाली गेला होता. मी कॅमेरा बघत होतो. अंगणात मोटरसायकल आली. एकटाच माणूस, रेनकोट, हेल्मेट. हाक मारली नाही. इकडंतिकडं बघितलं. कडेच्या वाटेनं मागं गेला. मागचं दार हलवलं असणार, कारण लगेच परत आला. मग खिडकीला तोंड लावून आत बघायला लागला.

बिबीजानला फोन. उचलत नाही. आफशीनला. ती नातीला घेऊन अंगणवाडीत, फोन लागत नाही. केरबा रोपलावणीला, सगळी वस्तीच चिखलात. तो माणूस पुढच्या दारापाशी आला. पडवीत एक पाय ठेवला.

मी बटण दाबलं. तेहतीस वर्षं घाटात गाडीवाल्यांवर ओरडलोय, तो सगळा आवाज काढला.

"ए! कोण रं तू? हो बाजूला! माझ्या दारात पाऊल ठेवायचं न्हाय!"

अख्खा वॉर्ड जागा झाला. शेजारचे म्हातारे पाटील उठून बसले. सिस्टर धावत आल्या.

तो माणूस जागच्या जागी थांबला. पाय मागं घेतला. वर, इकडं, तिकडं बघितलं. कॅमेरा दिसला. मग हळूहळू हेल्मेट काढलं. पांढरी दाढी. आणि आमच्या आईचं नाक.

बराच वेळ कॅमेऱ्याकडं बघत होता. पावसात. हातातली पिशवी पडवीच्या कडेला ठेवली, हेल्मेट घातलं आणि गेला.

या वहीत हे नाव मी पहिल्यांदाच लिहितोय. दस्तगीर. माझा धाकटा, एकुलता भाऊ. चंदगडात राहतो, घरापासून नऊ किलोमीटरवर. चौदा वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही.

आई गेली तेव्हा मी सावंतवाडीची गाडी घेऊन गेलो होतो. आंबोली घाटात दरड पडली. फोनला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. आईचं तोंड बघायला मिळालं नाही, खांदा द्यायला मिळाला नाही. चार माणसांत मी त्याला म्हणालो होतो, "थांबता आलं न्हाय तुला? परत माझ्या दारात पाऊल ठेवायचं न्हाय!"

आज पुन्हा तेच बोललो. शब्दसुद्धा तेच.

१३ जुलै, रविवार

बिबीजानचा फोन. मला वाटलं रडेल. ती चिडलेली.

"मी न्हाणीत हुतो. तुमचा आवाज न्हाणीपर्यंत आला! भायेर येऊन बघतोय तर गाडी वळणावर."

"मी वळखलं न्हाय गं त्याला."

"व्हय. चौदा वर्सं बघितलं न्हाय तर वळखणार कुठनं?"

पिशवीत डिंकाचे लाडू होते, त्याच्या बायकोनं केलेले. गुडघ्याला चांगले म्हणून.

मग म्हणाली, "आणि पहिल्यांदा आला न्हवता त्यो."

दर वर्षी, आई गेली त्या दिवशी, दस्तगीर घरी यायचा. माझी ड्यूटी बघून. मागच्या दारानं यायचा, जेवायचा, आईच्या खोलीत घटकाभर बसायचा आणि मी यायच्या आत जायचा. मी रिटायर झालो तेव्हापासून तीन वर्षं त्याला येता आलं नाही. मी घरातच असायचो ना!

"सांगितलं का न्हाईस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तवाच कुलूप आणलं असतं."

फोन ठेवला. पाटील विचारत होते, "चोर सापडला का वो?" म्हटलं, "व्हय. सापडला."

१४ जुलै

दस्तगीरचा नंबर बिबीजानकडं होता. दोनदा लावला. उचलला नाही.

१५ जुलै

तीनदा. नाही.

१६ जुलै, बुधवार

सकाळी त्याच्या बायकोनं उचलला. म्हणाली, "भाई, हितंच बसल्यात. फोनकडं बघत्यात, पर घेत न्हाईत."

मी म्हटलं, "स्पीकर लाव."

काय बोलायचं ते रात्रीच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. म्हटलं, "दस्तगीर, लाडू मिळालं."

पलीकडनं त्याचा आवाज आला, "गुडघा कसा हाय?"

"वाकतोय."

"मग झालं की."

"दस्तगीर, परवा मी वळखलं न्हाय तुला. खरंच न्हाय. पर त्या वक्ताला वळखून बोललो हुतो. ते चुकलं माझं."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता, त्याच्या घरातला. मग म्हणाला, "सात तास थांबलो हुतो, भाई."

"काय?"

"अम्मांना घेऊन. सात तास. डेपोत चारदा माणूस पाठवला. पाऊस थांबंना, लोक थांबंनात. मौलाना म्हणाले, आता उशीर नको. तरीबी मी कबरीपाशी उभा राहून रस्त्याकडंच बघत हुतो. तुझी गाडी येतीया काय म्हणून."

चौदा वर्षांत हे मी त्याला विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

मग तोच म्हणाला, "रफिक कधी जाणार?"

"उद्या. रजा संपली त्याची."

"मग मी येतो."

"कशाला? हितं सिस्टर हायत—"

"येतो म्हटलं न्हवं!"

१७ जुलै, गुरुवार

आला. पिशवी, चादर, स्टीलचा डबा. दारातच थांबला. मी म्हटलं, "आत ये की." एवढंच.

पाटलांना त्यानं लाडू दिला.

२० जुलै, रविवार

दस्तगीर घोरतो. लहानपणीही घोरायचा. पाटलांनी तक्रार केली. मला झोप छान लागली.

उद्या डिस्चार्ज. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पायऱ्या चढायच्या नाहीत, उकिडवं बसायचं नाही. आमच्या घराला नऊ पायऱ्या, आणि संडास अंगणापलीकडं, तोही जुन्या पद्धतीचा. इतके दिवस बंदोबस्त करत बसलो आणि हे डोक्यातच आलं नाही! दस्तगीर ऐकत होता. उठून बाहेर गेला, कुणाला तरी फोन करत राहिला.

२२ जुलै, मंगळवार

दस्तगीरच्या घरातून लिहितोय. त्याचं घर रस्त्याला समतल, कमोड आहे. बिबीजान कालच सगळ्यांना घेऊन इकडं आली. आफशीन, नात, कोंबड्यासुद्धा. महिनाभर इथंच.

आत्ता रफिकचा फोन आला. घाबरलेला. गडबडीत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "अब्बा, कॅमेऱ्यात सकाळधरनं बघतोय, घरात कोणच दिसंना!"

म्हटलं, "तिथं कोण न्हाय. सगळी हितं हायत."