दोरीबाहेरचा चेंडू

जुईनगर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. वैदेहीस आत्याचे अ. आ.

तू पोलीस ट्रेनिंगला नाशिकला गेलीस, मोबाइल तिथे जमा केलास आणि रबाळ्याच्या वस्तीतल्या तुझ्या अकरा पोरी माझ्या गळ्यात मारल्यास! जन्मभर मी शाळेत भूगोल शिकवला. आता कंपन्यांच्या मधल्या गल्लीत उभी राहून टेम्पो आला की शिट्टी मारते नि खेळ थांबवते.

पण बातमी ऐक. नेरूळच्या मैदानाचे सेक्रेटरी मानसिंगराव अखेर बधले. सोळा तारखेला त्यांच्या क्लबच्या मुलींशी सहा ओव्हरची मॅच. जिंकलो तर दर रविवारी सकाळी मैदान आपलं, फुकट. समराच्या आईने, फातिमाने, सांगून टाकलंय की तेरा वर्षांची पोर आता रस्त्यावर खेळणार नाही, मैदान मिळालं तरच पुढे. हरलो की समराचं क्रिकेट संपलं. मला आत्तापासून धडधडतंय.

जेवणाची हयगय करू नकोस, नि म्हातारीवर माया ठेव.

तुझी वैजूआत्या

नाशिक, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास वैदेहीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून अशी उडी मारली की कवायत घेणाऱ्या उस्तादांनी वीस पुशअप्स काढायला लावले. समराला तीन नंबरला पाठव. आणि प्लीज, बाहेरून ओरडू नकोस. तुझा आवाज आला की पोरी धावायच्या सोडून उभ्या राहतील.

टीम मी जमवली आणि ऐन वेळी मीच नाही, फार लागतं गं. काय होईल ते लगेच कळव.

लोभ असू दे, ओरडा कमी कर.

तुझी वैदू

जुईनगर, २३ फेब्रुवारी

चि. वैदूस अ. आ.

जिंकलो गं बाई, जिंकलो! आठवडाभर मुद्दाम थांबले, आजचं सांगायचं होतं म्हणून.

दोन चेंडू उरलेले, पाच रन हवे. समराने पुढे येऊन असा हाणला की चेंडू दोरीच्या पार, थेट पार्किंगमध्ये. आणि आपल्या सगळ्या पोरींनी डोकं धरलं! मीही ओरडले, मेले, कशाला उंच मारलास म्हणून. समरा तर बॅट काखेत मारून रडत निघाली. आपल्या गल्लीत कंपनीच्या भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट, तोच नियम अंगात मुरलेला. अंपायर दोन्ही हात वर करून उभे आणि बॅटिंग करणारीच गायब! ते बिचारे मागे धावले, म्हणाले, बेटा, सिक्स आहे, जिंकलात तुम्ही. तर ही हुंदके देत म्हणते की सिक्स टीव्हीतल्यांचा असतो.  तिला जवळ ओढलं आणि दोघी भर मैदानात रडलो.

आज आपला पहिला रविवार. फातिमा स्वतः डबा घेऊन आली, झाडाखाली बसून राहिली. समराने पहिलाच चेंडू दोरीबाहेर टोलवला. मी श्वास रोखून बघत होते. पोरगी जागची हलली नाही.

माया आहेच, सुट्टी मिळाली की घ्यायला ये.

तुझी आत्या